हळद लावलेले ब्रेक

रोडपालीच्या धर्मराज घरतची फटफटी सुरू करायला एक लाथ पुरायची. थांबवायला मात्र गवताची उडवी लागायची.

गाडी लढाईतली. गोरे सोल्जर तिला वापरून, वैतागून, मायदेशी निघून गेले आणि ती लिलावात निघाली. पुढचा ब्रेक तिला होता, पण त्याची तार धर्मराजच्या आईनं कपडे वाळत घालायला परसात बांधली होती. तार परत मागितली तर ती म्हणायची, "मंग तुज्या बापाचं धोतर काय तुज्या गाडीवर वालवू?" मागचा ब्रेक झिजून झिजून अशा थराला गेला होता, की तो आहे असं मानून पाय दाबायचा आणि पुढचं देवावर सोडायचं.

पनवेलच्या तंबू-टॉकीजमधला सिनेमा उतरला की त्याच्या रिळांच्या पेट्या जासईच्या तंबूत पोचवायच्या, ही धर्मराजची नोकरी. वाटेत कुठल्या खळ्यात उडवी आहे हे त्याला पाठ होतं. एकदा जासईला उडवीत शिरताना पेट्या सांडल्या आणि उलटसुलट भरल्या गेल्या. त्या दिवशी जासईकरांनी शेवट आधी पाहिला. नायक पहिल्याच रिळात मेला. पण लोक उठले नाहीत. मेलेला माणूस पुढं दीड तास गाणी म्हणतो म्हटल्यावर कोण उठेल?

असं सगळं सुरळीत चाललं असताना जेठ महिन्यात पनवेलला चौकीसमोरची पाटी आडवी आली. 'वाहने सावकाश हाकावीत' असं तिच्यावर लिहिलं होतं. धर्मराजनं ती वाचली, त्याला ती पटलीसुद्धा, आणि मग ती पडली. फौजदार बाहेर आले. पाटीकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं, म्हणाले, "पुढच्या बाजारापर्यंत ब्रेक दाखव. नाहीतर गाडी चौकीत आणि तू पायी."

धर्मराज उस्मानमिस्त्रीकडं गेला. मिस्त्रीनं आधीच एकदा झिजलेल्या ब्रेकवर जुन्या चपलेचा तळवा ठोकून दिला होता. तो एक दिवस लागला. दाबला की चामडं जळायचं, आणि त्या वासानं गावातली कुत्री मागं लागायची. मग धर्मराज मुंबईला जाऊन आला. तिथल्या दुकानदारानं गाडीचं वर्णन ऐकून आतल्या माणसाला बाहेर बोलावलं आणि परत पहिल्यापासून सांगायला लावलं. दोघं मिळून हसले. ब्रेक मिळाले नाहीत, म्हणून धर्मराज भोंगा घेऊन आला. थांबता येत नसेल तर निदान कळवावं, असा त्याचा विचार.

मिस्त्री म्हणाला, "धर्मा, या गाडीची जुळी बहीण तालुक्यात एकच आहे. ओव्याला, तुळशीरामनानांच्या गोठ्यात. पहिल्या दिवसानंतर तिचं चाक फिरलेलं नाही. ब्रेक आतमधे कोरे असतील. शरीफ आदमी आहे, मागितलेस तर देईल."

"दुसरीकडं कुठं नाही मिळणार?"

"दुसरीकडं म्हणजे विलायत. ओवं जवळ पडेल."

"विलायतेची बोट कधी सुटते?" धर्मराजनं विचारलं. तो चेष्टा करत नव्हता.

कारण असं, की सहा महिन्यांपूर्वी धर्मराज त्याच घरी मुलगी बघायला गेला होता.

तुळशीराम भगत मिठागरवाले. स्वभावानं इतके मोकळे, की लिलावात गाडी घेतली, एकदाच बसले, खाडीच्या चिखलात पडले, हसत घरी आले आणि गाडी कोंबड्यांना देऊन टाकली. मुलगी बघायच्या दिवशी त्यांनी तळ्यातला जिताडा मासा काढला होता. आगऱ्याच्या घरी जिताडा काढला म्हणजे पाहुणा मोठा, आणि डोकं ज्याच्या ताटात तो सगळ्यांत मोठा. डोकं धर्मराजच्या ताटात पडलं. त्यानं त्याचे डोळेसुद्धा सोडले नाहीत. मग मुलगी, भामा, पाणी घेऊन आली. तुला काय इचारायचं असंल तर इचार, असं नाना तिला कौतुकानं म्हणाले. तिनं दारातून बाहेर पाहिलं. गाडी अंगणातल्या उडवीत नाक खुपसून उभी होती.

"ही आशीच थांबते?" भामानं विचारलं आणि हसली.

मग सगळं घर हसलं. धर्मराज मॅट्रिकला दोनदा बसलेला माणूस. त्याला ते लागलं. चार दिवसांनी त्यानं निरोप धाडला : पत्रिका जुळत नाही.

हे वाक्य त्यानं एका सिनेमात ऐकलं होतं. त्यांच्यात पत्रिका कोण बघतो? धवलारीण येते, धवले म्हणजे लग्नाची गाणी गाते आणि लग्न लागतं. भामाची पत्रिका नव्हती, धर्मराजचीही नव्हती. नसलेल्या दोन पत्रिका जुळत नाहीत हे याला कुठून समजलं, असं त्याला कुणी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून तो सुटला, असं तो समजून होता.

तर आता ओवं.

तो दुपारी निघाला. दुपारी रस्त्यावर माणसं नसतात. ओव्यात शिरला, नानांचं घर दिसलं, आणि त्याच्या लक्षात आलं की अंगणात उडवी नाही. सहा महिन्यांत बैलांनी ती खाल्ली होती. तो घरावरून पुढं गेला. विहिरीला वळसा घालून परत आला आणि परत पुढं गेला. ओटीवर तांदूळ निवडत बसलेल्या भामाच्या आईनं, चंद्रावतीनं, मान वर केली. शेजारची ठमाबाई दारात आली.

"अगो चंद्रे, तुजा रोडपालीचा पावना नाय काय ह्यो? फेऱ्या घालतंय बघ घराला!"

"मला थांबायचंय!" धर्मराज ओरडला आणि पुढं गेला.

"आयकलास?" ठमाबाई सगळ्या आळीला म्हणाली, "थांबायचंय म्हनतो! आता रं कसा आयलास लायनीवर!"

इंजिन बंद करावं हे त्याला पुढच्या फेरीत सुचलं. गाडी घसरत, पाय फरपटत नानांच्या तुळशीपाशी येऊन उभी राहिली. तोवर अर्धं गाव गोळा झालं होतं. नाना आतून धावत आले, तो काही बोलायच्या आत त्यांनी त्याला मिठी मारली आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ते रडले.

"मला जरा काम होतं, नाना..."

"मायती हाय, बाला. काम काय हाय त्ये सगल्यांना मायती हाय. लाजू नको. चुकतो मानूस. चंद्रे, तल्यावर मानूस धाड!"

ब्रेक मागायला आलेल्या माणसानं इथं काय बोलावं? धर्मराजनं बरीच वाक्यं मनात जुळवली. सगळ्यांत 'ब्रेक' हा शब्द होता आणि सगळी ऐकायला घाण वाटत होती. शेवटी तो म्हणाला, "नाना, तुमची गाडी बघू का जरा?"

"बघ की! आता तुजीच हाय ती. ब्रेक नाय ना तुज्या गाडीला? काढून घे हिचे. बिनब्रेकचा जावई माला बी नको!" आणि नाना स्वतःच्याच बोलण्यावर हसत जिताड्याच्या तजविजीला गेले.

म्हणजे ब्रेक मिळालेसुद्धा. न मागता. धर्मराजला वाटलं होतं, ब्रेक मिळाले की बरं वाटेल.

गोठ्यात गाडीच्या बैठकीवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिला धक्का न लावता तो खाली वाकून चाकाच्या नटाशी झटू लागला. मागून आवाज आला.

"पाना कुटून आयला?"

भामा दारात उभी होती. वाळली होती, आणि हसत नव्हती.

"खिशात होता."

"पोरगी मागाया येताना पाना घेऊन येतात काय रोडपालीला?"

धर्मराज नट फिरवत राहिला. तो उलटा फिरवतो आहे हे त्याच्या जरा वेळानं लक्षात आलं.

"मी ब्रेकसाठी आलो होतो," तो चाकाला म्हणाला. "नानांचा गैरसमज झाला."

"माला पान्यावरूनच समाजला. आईला नाय समाजला, ती आत गूळ फोडतेय. तू सांगतंस का मी सांगू?"

"सांगतो. जेवण झालं की सांगतो."

"जेवायच्या आदी सांग. डोकं परत तुलाच वाढतायत."

तो सांगायलाच आत गेला होता. पण ताट वाढलेलं होतं, आणि ताटात जिताड्याचं डोकं होतं, आणि ते त्याच्याकडं बघत होतं. तो बसला. जेवला. या खेपेला त्यानं डोळे सोडले. तेवढीच त्याची सभ्यता.

जेवण झाल्यावर त्यानं चाक उघडलं. आत ब्रेकच्या दोन पट्ट्या अर्ध्या चंद्रासारख्या, कोऱ्या करकरीत निघाल्या. त्या त्यानं फडक्यावर ठेवल्या. तेवढ्यात चंद्रावती ताम्हणात हळद आणि खोबरेल घेऊन आली.

"आमच्या घरातली पयली वस्तू जावयाच्या घरी चालली," ती म्हणाली. "आशी कोरडी कशी धाडू?"

आणि तिनं दोन्ही पट्ट्यांना हळद लावली. नवरदेवाला लावतात तशी, खालून वर. वरून तेल सोडलं.

ब्रेकला तेल लागलं की ब्रेक मेला, हे ज्याला एक चाक आहे त्यालाही ठाऊक असतं. 'काकी, तेल नको' एवढं म्हणायचं होतं. पण मग ती म्हणाली असती, का नको? आणि पहिल्या वस्तूला तेल का नको याचं उत्तर, ही पहिली वस्तू नाही, हे होतं. धर्मराजनं तोंड उघडलं. दारात उभ्या भामानंही उघडलं. मग तिनं आईच्या तोंडाकडं पाहिलं, आणि मिटलं. चंद्रावती गुणगुणत होती. धर्मराज बघत राहिला. तेल पट्ट्यांत जिरत गेलं.

"बशीव आता हितंच," नाना म्हणाले. "मी बी येतो मागं बसून. तुज्या बापाला आजच सांगतो. धवलारीन कोनती आनायची त्ये बी ठरवून टाकू."

ते एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात केळीच्या पानात बांधलेला उरलेला जिताडा घेऊन मागं बसले. सगळी आळी निरोप द्यायला उभी राहिली. धर्मराजनं लाथ मारली. गाडीनं निदान या वेळेला तरी दगा द्यावा असं त्याला फार वाटलं. ती पहिल्या लाथेला सुरू झाली.

ओव्याहून वाट खाली उतरते. उतार लागला तसा धर्मराजनं पाय दाबला. ब्रेक लागले नाहीत. चाकातून नुसता वास आला.

"कोनाकडं फोडनी पडली रं?" नाना खुशीत म्हणाले. मग त्याच्या पाठीशी वाकून बोलत राहिले. "सांगू तुला, बाला? सा म्हैने पोर मिठागरावर गेली नाय. तुजा निरोप आयला ना, तवापासना बाया इचारायला लागल्या, पत्रिकेत काय वाईट निगाला? आमी बोललो, बाई, पत्रिकाच नाय तिला. तर बोलतात, मंग लपवताय तुमी. कोन बोलला नवऱ्याला खानार, कोन बोलला पोर व्हनार नाय. तीन घरं आयली आनि इचारून परत गेली. नसलेली पत्रिका वाईट निगाली बघ माज्या पोरीची. पन आज तू आयलास. गावानं बघितला. आज माजी पोर सुटली."

धर्मराजला वाटलं होतं, आपण खोटं बोललो आणि ते संपलं. ते सहा महिने ओव्यात दारोदार हिंडत होतं.

"नाना," तो पुढं बघत ओरडला, "मी भामासाठी नव्हतो आलो! ब्रेकसाठी आलो होतो!"

त्यानं पाय परत एकदा दाबून पाहिला.

"आणि पत्रिका कसलीच नव्हती. ती हसली मला. म्हणून मी तसं कळवलं."

गाडी वेग घेत होती. नाना म्हणाले, "थांबव."

"थांबत नाही."

"का? नवीन ब्रेक हायत ना?"

"तेल लावलं त्यांना काकींनी."

"मंग लावताना का नाय बोललास?"

आता नवल असं, की ज्या माणसाचं तोंड बघायची लाज वाटावी तो माणूस आपल्याच पाठीला टेकून बसलेला, आणि त्याला उतरायचं असून उतरवता येत नाही. कबुली दिल्यावर माणसं निघून जातात, शिव्या देतात, निदान दार लावून घेतात. इथं दोघं तसेच बसून राहिले. समोरून एक गाडीवान आला; त्यानं नानांना रामराम घातला. नानांनी जिताड्याचा हात वर करून रामराम घेतला. माणुसकी आडवी येते ती अशी.

उताराच्या तळाशी खाडीच्या चिखलाचं खाजण होतं. गाडी त्यात शिरली आणि अर्धी चाकं बुडाल्यावर थांबली. नाना उतरले. चिखलातून वर आले, नारळ खाली ठेवला, कपाळ पुसलं. धर्मराजला वाटलं आता मारतील. मारतील तर बरं, असंही वाटलं.

"काढ ती वर," नाना म्हणाले, "आनि चल परत. माज्या बायकोनं हलद लावलीय. तिला मी नाय सांगनार. तू सांगनार."

चढावर गाडी ढकलत न्यायची, शेजारून नानांनी नारळ आणि जिताडा सांभाळत चालायचं. वाटेत भेटेल तो विचारायचा, काय झालं? नाना म्हणायचे, "ह्याला इचारा." मग धर्मराज म्हणायचा, "ब्रेक लागले नाहीत." त्याच्या दोन्ही हातांना हळद होती. ती बघून कुणीतरी हसून म्हणालं, "लागलीच की रं हलद, आता कशाला पलतंस?"

अंगणात चंद्रावती अजून ताम्हण घेऊन उभी होती. धर्मराजनं सांगितलं. एका दमात, खाली बघून, चूक झाली वगैरे शोभेचं काही न घालता. ती ऐकून घेऊन आत गेली. तो समजला, दार लागणार. पण ती चुलीतली राख घेऊन बाहेर आली.

"काड त्ये," ती म्हणाली.

त्यानं पट्ट्या काढल्या. तिनं त्या भांड्यासारख्या राखेनं घासायला घेतल्या. नखानं खरवडून खरवडून हळद काढली. धर्मराजनं टाकीतलं पेट्रोल काढून दिलं, तिनं त्यात त्या धुतल्या, परत राख लावली, परत धुतल्या, उन्हात ठेवल्या. रडत नव्हती. रडली असती तर धर्मराजला कुठंतरी बघता आलं असतं.

"मी करतो, काकी."

"तू काय करनार?" ती म्हणाली. "लावली माजी मी. काडते माजी मी."

पट्ट्या वाळल्यावर तिनं त्या त्याच्या हातात दिल्या. "ने. मागाया आयलेला मानूस आमच्या दारातून रिकामा जात नाय." धर्मराजला त्या घेववत नव्हत्या आणि ठेवताही येत नव्हत्या. त्यानं त्या घेतल्या, बसवल्या, चाक आवळलं. निघायचं म्हणून गाडीवर हात ठेवला, तेव्हा भामा पुढं आली.

"ब्रेक लागतात काय नीट?"

"लागतील असं वाटतं."

"वाटतं नको. बघून घे." तिनं आळीकडं बोट केलं. "ह्या घरापासना त्या टोकापर्यंत. दर दाराम्होरं थांबव. आनि थांबलास का त्या घरच्या बाईला हाक मार, आनि आत्ता आईला सांगितलास त्ये सांग. पत्रिका नव्हती. तू खोटा बोललास. का बोललास त्ये बी सांग."

"सगळ्या घरांना?"

"पत्रिका सगल्या घरात गेलीय."

"भामा, उद्या येऊन सांगितलं तर..."

"उद्या तुजे ब्रेक झिजतील," भामा म्हणाली आणि ओटीवर जाऊन बसली. तिथून सगळी आळी दिसत होती.

पहिलं दार ठमाबाईचं. तिला हाक मारावी लागली नाही. तिनं सगळं ऐकलं, पदर तोंडाला लावला. "आमी तर बोललो पत्रिकेत कडक मंगल हाय तिला," ती म्हणाली. "आनि तू नुस्ता ती हसली म्हनून? आरं मेल्या, तुला बघून हसनार नाय तर काय आरती ओवालनार?" दुसऱ्या दारातल्या बाईनं सुनेला, सुनेनं नणंदेला बोलावलं, सगळ्या जमल्यावर त्याला पहिल्यापासून सांगावं लागलं. तिसऱ्या घरी एक बहिरी म्हातारी एकटीच होती. भामानं ओटीवरून मान हलवली, म्हणजे हेही घर धरायचं. त्यानं म्हातारीच्या कानाशी वाकून सांगितलं. तिला कळलं नाही. मग मोठ्यानं सांगितलं. मग आणखी मोठ्यानं. "मी खोटं बोललो, आजी! तिच्यात काही वाईट नाही!" म्हातारीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "जेवलास काय, बाला?"

"जेवलो, आजी," धर्मराज म्हणाला.

तो गाडीवर बसला. पुढच्या दारात एक बाई मुलाला कडेवर घेऊन उभी होती. मागं तिची सासू, तिच्या मागं आणखी कुणीतरी. सगळ्या त्याच्याकडंच बघत होत्या. धर्मराजनं आयुष्यात पहिल्यांदा देवाला मनापासून विनवलं, की आता तरी ब्रेक लागू नये.

लागला.